कणीस: एका जीवाश्म शैवालाच्या प्रकल्प नोंदी (जानेवारी ते जुलै २०२५)

५ जानेवारी

काल रात्री उशिरा अरियलूरहून परत. अडतीस किलो दगड, दोन जुन्या सोलापुरी चादरींत गुंडाळून बर्थखाली कोंबलेले. टीसीनं विचारलं "इसमें क्या है", पत्थर म्हणलं तर हसला आणि पुढे गेला. घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "सोलापुरात दगडं कमी पडली का ग?"

प्रश्न बरोबरच आहे. आपल्या पायाखाली सगळा काळा दगड, पण तो लाव्हा. समुद्राचं काही त्यात मिळणार नाही. आणि घराघरात जी शहाबादी फरशी आहे ती चुनखडकच, पण तो इतका जुना की मला जे जीवाश्म शैवाल हवं ते त्यात शोधण्यात अर्थ नाही. मला हवा होता निनियूरचा चुनखडक, तमिळनाडूत अरियलूर जिल्ह्यातला, डॅनियन काळातला, म्हणजे डायनासोर संपल्यावर लगेचचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपासून पुढचा. गंमत अशी की आपल्याकडे लाव्हा ओतत होता तो काळही जवळपास हाच. म्हणजे इकडे जमीन पेटलेली आणि तिकडे उथळ कोमट समुद्रात ही हिरवी शैवालं अंगावर चुन्याचं कवच चढवत निवांत वाढत होती. आईला हे सांगितलं, ती म्हणाली आधी अंघोळ कर.

सॅम्पलचं थोडं लिहून ठेवते नाहीतर नंतर विसरेन. एका खाणीच्या ऑफिसात दोन तास बसवून शेवटी नाहीच म्हणले. मग ओढ्याच्या काठाला जो थर उघडा पडलाय तिथून काढले, नंबर एआर-१ ते एआर-१९, प्रत्येकाची उंची टेपने मोजलेली. एआर-२० ते २४ मात्र एका शेतात विहीर खणताना निघालेल्या ढिगाऱ्यातले. दिसायला तेच भारी आहेत, पण किती खोलीवरचे ते शेतकऱ्यालाही माहीत नाही.

१५ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, सगळं शहर रस्त्यावर, डिपार्टमेंटला कोणी नाही. कटिंग मशीनचं ब्लेड गेलंय आणि नवीन यायला वेळ लागणार, म्हणून दगड घेऊन फरशीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे ओट्याचं ग्रॅनाइट कापायचं डायमंड ब्लेड आहे. त्याला सांगितलं एक सेंटीमीटर जाडीचे काप पाहिजेत, ओळीनं, आणि प्रत्येक कापावर नंबर टाकायचा. म्हणाला "ताई, ह्याची पायरीसुद्धा व्हणार न्हाई." पण कापले मस्त. ओल्या कापावर भिंग धरलं तर मोहरीएवढे गोल गोल पांढरे ठिपके, मध्ये भोक. काही लांबट. हीच ती.

२ फेब्रुवारी

पाणी पाच दिवसांनी आलं. हे इथे लिहितेय कारण थिन सेक्शनचं, म्हणजे मायक्रोस्कोपखाली उजेड आरपार जाईल इतक्या पातळ कापाचं, सगळं गणित पाण्यावर आहे. काप काचेवर अराल्डाइटनं चिकटवायचा, मग कार्बोरंडम पावडर आणि पाणी घालून काचेच्या तुकड्यावर गोल गोल घासत बसायचं, आधी जाड पावडर, मग ४००, ६००, १०००, दर टप्प्याला धुवायचं, कारण जाड पावडरीचा एक कण राहिला की पुढच्या टप्प्याला ओरखडा. शेवटी दगड इतका पातळ की खालचा पेपर वाचता येतो. पुस्तकात ३० मायक्रॉन लिहिलंय, पण शैवालासाठी मी थोडं जाडच ठेवते, फार पातळ केलं की फांद्यांच्या कडा पुसट होतात. धुतलेलं पाणी बादलीत साठवून गाळ खाली बसू देते आणि वरचं परत वापरते. आठ स्लाइड झाल्या.

आज पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली नीट बघितलं. ज्यांनी ही कधी बघितली नाहीत त्यांच्यासाठी: या शैवालांना डॅसिक्लॅड म्हणतात, आणि डॅसिक्लॅड म्हणजे एकच पेशी. सेंटीमीटरभर किंवा त्याहून उंच झाड पण पेशी एक. मध्ये दांडा, दांड्याला ठरावीक अंतरावर फांद्यांची मंडलं, छत्रीच्या काड्या फिरतात तशी, आणि त्या सगळ्याच्या बाहेरून कॅल्शियम कार्बोनेटचं आवरण. झाड मेलं की पेशी कुजते आणि आवरण उरतं. म्हणजे आपल्याला दगडात दिसतं ते झाड नाहीच, झाड जिथे होतं ती पोकळी आणि भोवतालचा चुना. आजही यांतली चाळीसेक जाती जिवंत आहेत. त्यांतली अ‍ॅसिटाब्युलॅरिया फेमस आहे, कारण १९३० च्या दशकात हेमरलिंग नावाच्या जर्मन माणसानं दोन वेगळ्या जातींचे तुकडे एकमेकांवर कलम करून दाखवलं होतं की टोपीचा आकार ठरतो तो खालच्या केंद्रकावरून.

२० फेब्रुवारी

एक प्रकार परत परत दिसतोय. उभ्या कापात ज्वारीच्या कणसासारखा, खाली बारीक, वर भरलेला, आणि दाणे रचल्यासारख्या फांद्या. वहीत नाव लिहिलं "कणीस". दुसरा एक आहे, आडव्या कापात कणसापेक्षा जाड आणि फांद्या दुप्पट. त्याला "जाड्या". सोबत नेहमीची मंडळी आहेतच, अ‍ॅसिक्युलॅरिया या दुसऱ्या एका डॅसिक्लॅडचे ठिपके ठिपके वगैरे.

सरांना फोटो पाठवले आणि लिहिलं की दोन नवीन जाती असाव्यात. सरांचा रिप्लाय एका ओळीचा: "आधी मोज. मग बोल."

९ मार्च

मोजतेय. बाहेरचा व्यास, आतला व्यास, दोन्हींचं गुणोत्तर, एका मंडलात फांद्या किती, दोन मंडलांतलं अंतर, फांदीची जाडी बुडाशी आणि टोकाशी, फांदीचा दांड्याशी कोन. एका कापाला वीस मिनिटं. आजपर्यंत ६३ काप.

यातली खरी अडचण मापाची नाहीच, कापाची आहे. दगडात ही झाडं कशीही पडलेली असतात आणि ब्लेड त्यांना कसंही कापतं. खरं कणीस घ्या, ज्वारीचं, आणि सुरी डोळे मिटून फिरवा. आडवी बसली तर गोल चाक, उभी बसली तर लांब पट्टी, तिरकी बसली तर अंडाकृती काहीतरी, आणि नुसती सालीवरून गेली तर फक्त दाणे दाणे, दांड्याचा पत्ताच नाही. आता कणीस काय असतं हे आयुष्यात न बघितलेल्या माणसाला हे चार तुकडे द्या आणि विचारा जाती किती. चार म्हणणार. जुन्या काळात असं खूप झालंय, एका कापावर एक नाव, नंतर दुसऱ्या कोणीतरी बसून ती नावं एकात मिसळायची. देलोफ्र आणि ग्रॅनिये यांनी १९९२ पासून जीवाश्म डॅसिक्लॅडची चिकित्सक यादी छापायला घेतली, त्यामागं हाच पसारा. फ्रेंच मला येत नाही, मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करत वाचते, एकदा त्यानं फांदीला "शाखा कार्यालय" केलं.

मधल्या काळात सीएचबीचे (तासिका तत्त्वावरचे) तास, पेपर तपासणी, काही झालं नाही.

१९ एप्रिल

वाईट दिवस. उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या घरात, हॉट प्लेट न लावताच गरम. एआर-२२ मधला तो एकमेव अख्खा उभा काप, बुडापासून टोकापर्यंत दांडा मधोमध धरलेला, असा काप हजारात एक मिळतो, तो मी आज घासून घालवला. शेवटची १००० ची पावडर चालू होती, फोन वाजला, एका हातानं फोन घेतला आणि दुसऱ्या हातानं घासतच राहिले. अर्ध्या मिनिटात काच कोरी. आधी काढलेले तीन फोटो आहेत, तेही मोबाइलनं आयपीसमधून काढलेले, कडेला माझ्या पापण्या.

सर चिडले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले की तो विहिरीच्या ढिगाऱ्यातला होता, थर माहीत नाही, त्यावर जात उभी करणं तसंही कच्चं काम झालं असतं. खरंय. पण रात्री झोप आली नाही.

४ मे

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

लॅपटॉपवर एआर-१७ मधल्या जाड्याचा सालीवरून गेलेला काप उघडा होता, म्हणजे फक्त भोकं भोकं, आडव्या ओळींत. अप्पा जेवून मागे येऊन उभे राहिले. अप्पांनी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या लूमवर काढलीत. म्हणाले, "ह्ये तर कार्ड हाय की ग." जॅकार्डची ती पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं, एकाला एक शिवून साखळी केलेली, ज्यावरून चादरीवरचा मोर उतरतो. मी हसले. मी ओळ मोजत होते, अठ्ठावीस भोकं. मोठ्यानं मोजत होते म्हणून त्यांना ऐकू गेलं. ते वाकले, स्क्रीनवर बोट टेकवलं (कडक भाकरीचा चुरा अजून स्क्रीनवर आहे) आणि म्हणाले, "ह्या दोन वळी तू एक धरालीस. ही खालची बघ, अर्धं घर सरकलीया. ह्ये दुसरं कार्ड हाय. एका कार्डावर चौदाच."

परत बघितलं. मी ज्याला एक नागमोडी ओळ समजत होते ती एक ओळ नव्हतीच. एकमेकींना चिकटून असलेली दोन मंडलं होती, वरच्या मंडलाच्या दोन फांद्यांच्या बरोबर मध्ये खालच्या मंडलाची फांदी. आड-एक. आणि मंडलं इतकी दाटीनं बसलेली की आडवा काप जरा जरी तिरका गेला तरी दोन्ही मंडलं एकदम कापली जातात, म्हणून चाकात फांद्या दुप्पट दिसतात आणि तिरकेपणामुळे चाक थोडं मोठंही दिसतं. जाड, आणि फांद्या दुप्पट.

म्हणजे जाड्या ही जात नाहीच. जाड्या म्हणजे तिरकं कापलेलं कणीस.

अडीच महिने मी एका चुकीच्या मोजणीला नाव देऊन बसले होते. अप्पा तोपर्यंत आयपीएल लावून बसले, त्यांना वाटलं डिझाइनमधली मिष्टेक दाखवली, संपला विषय.

१३ मे

सगळे काप परत मोजले, आता १०७. तिरके वेगळे काढले: चाक गोल नसून लांबट असेल तर लांबी-रुंदीवरून कोन काढते आणि एका मर्यादेबाहेरचे मोजणीतून बाद. उरलेल्यांत एका मंडलात फांद्या १२ ते १५, बहुतेक ठिकाणी १४. बाहेरच्या व्यासाचा आलेख काढला तर एकच टेकडी, दोन नाहीत. सरांना पाठवलं. रिप्लाय: "आता बोल." सोबत एक अंगठा.

२१ मे

बोलायला गेले तर पुढचा डोंगर. एक जात आहे हे ठरलं, पण ती नवीन आहे का? आणि वंश कोणता?

कणसात पहिली फांदी आखूड आणि जाड, तिच्या टोकाला चार बारीक फांद्या, खाली मूठ आणि वर बोटं अशी. हे डिसोक्लॅडेलाचं लक्षण. पण त्या बारीक फांद्यांनाही पुढे अजून फांद्या असतील तर तो ट्रायनोक्लॅडस. आणि गोची अशी की चुन्याचं आवरण झाडाच्या सगळ्यात बाहेरच्या टोकापर्यंत चढलंच असेल याची खात्री नसते. तिसऱ्या फांद्या आवरणाच्या बाहेर राहिल्या असतील तर त्या कुजून गेल्या, त्यांचा पुरावाच नाही. शिवाय मूळ आवरण अरॅगोनाइटचं, ते नंतर विरघळून त्या जागी कॅल्साइट (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपं) बसतं, त्यात बारीक गोष्टी पहिल्यांदा पुसल्या जातात. नाही दिसत म्हणजे नव्हतं असं नाही. कवचाची बाहेरची कड शाबूत असलेले काप पाहिजेत, तेही ओढ्यातल्या एआर-१७ मधलेच. घरात ठेवलेला एआर-१७ चा उरलेला तुकडा शोधला, सापडत नाही.

१० जून

वटपौर्णिमा. आई आणि शेजारच्या काकू वडाला दोरा गुंडाळून आल्या, मला आंबा आणि फणसाचे गरे मिळाले. आणि मी आज नेमका तो १९३६ चा पेपर घेऊन बसलेले, एल. रामा राव आणि युलिअस पिया यांचा, याच निनियूरच्या शैवालांवरचा, पॅलिओन्टोलोजिया इंडिकात छापलेला. पिया व्हिएन्नाचा, डॅसिक्लॅडच्या अभ्यासाचा पायाच त्याचा, आपण वापरतो ते अर्धे शब्द त्याचे. तर या व्हिएन्नाच्या माणसाच्या नावापुढे निनियूरच्या जातींची नावं कोणती आहेत बघा: डिसोक्लॅडेला सावित्री, इंडोपोलिया सत्यवान, अ‍ॅसिक्युलॅरिया द्युमत्सेन, ओरिओपोरेला मालवी. (लॅटिन शेपट्या मी काढल्यात, सावित्रीए, सत्यवंती वगैरे.) सावित्री, तिचा नवरा, सासरा आणि आई! सगळं कुटुंब एका चुनखडकात. आईला सांगितलं तर तिनं पहिल्यांदा या कामाबद्दल पुढचा प्रश्न विचारला, "आणि यम?" यम नाही बहुतेक. त्या दोघांनी मथळ्यात हे थर क्रिटेशसच्या (डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या) अगदी शेवटचे म्हणलेत, पुढे ते डॅनियन ठरले, म्हणजे मोठा संहार होऊन गेल्यावरचे. यम येऊन गेल्यावरचेच म्हणायचे.

कामाचं: माझी खरी तुलना आता सावित्रीशीच आहे. तीही इथलीच, तीही डिसोक्लॅडेला, या वंशाची टाइप जातच (वंशाचं नाव जिला बांधलेलं असतं ती) ती. कणीस म्हणजे सावित्रीचंच वरचं टोक किंवा कोवळं रोप नाही हे मला दाखवायचंय. आमच्या स्लाइडमध्ये दोन्ही शेजारी शेजारी सापडतात ही चांगली गोष्ट, कारण वेगळ्या समुद्रातली म्हणून वेगळी दिसते असं कोणी म्हणू शकत नाही. दोन्हींच्या प्रत्येक मापाचे आलेख एकमेकांवर टाकले. व्यास मिसळतात. आतल्या-बाहेरच्या व्यासाचं गुणोत्तर मिसळत नाही, मध्ये स्वच्छ फट आहे, आणि लहान काप घ्या की मोठे, फट तशीच राहते. वय किंवा टोक हे कारण असतं तर लहान मापांकडे दोन्ही ढीग जवळ यायला हवे होते.

२७ जून

एआर-१७ सापडला. आईनं कैरीचं लोणचं घातलंय, बरणीला दादरा बांधून वर वजन म्हणून ठेवलेला. तीन आठवडे तिथे होता, मी रोज त्याच्यासमोर जेवत होते. खालच्या बाजूला तेलाचा डाग, बाकी ठीक, नशीब रस उतू गेला नाही, चुनखडकाला आंबट लागलं की फेस येऊन कड खाल्ली जाते आणि मला नेमकी कडच हवी होती. मी ओरडले, आई म्हणाली, "त्याच्यावर लिहिलं होतं का काय आहे म्हणून?" लिहिलं होतं. एआर-१७.

फरशीवाल्याकडे गेले, सहा नवीन काप. फोन कपाटात ठेवून घासले.

८ जुलै

नवीन सहापैकी दोन स्लाइडमध्ये बाहेरची कड शाबूत आहे. बारीक फांद्या कडेपर्यंत जातात, टोकाला किंचित फुलतात आणि थांबतात. पुढे काही नाही. कडेवर टोकांच्या षटकोनी खुणा शेजारी शेजारी, फरशी बसवल्यासारख्या. टोकं एकमेकांना टेकून साल तयार झाली म्हणजे तिसऱ्या फांद्यांना जागाच नाही. डिसोक्लॅडेला. सरांनी स्वतः येऊन बघितलं, दहा मिनिटं आयपीसवरून उठले नाहीत, मग म्हणाले चहा सांग.

१२ जुलै

होलोटाइप ठरवला, म्हणजे जातीचं नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलं जातं तो. स्लाइड एआर-१७/९, त्यातला उभा, किंचित तिरका काप. सुंदर नाही. टोक तुटलेलं आहे, बूड नाही. एप्रिलमध्ये गेलेला याच्यापेक्षा दहापट देखणा होता, पण हा कुठल्या थरातून आला ते टेपनं मोजलेलं आहे आणि याच्यात फांद्यांची आड-एक रचना आणि बाहेरची कड दोन्ही एकाच कापात दिसतात. एका स्लाइडमध्ये पंधरा-वीस शैवालं असतात म्हणून काचेच्या मागच्या बाजूनं डायमंड पेननं नेमक्या त्याच्याभोवती गोल केला. हात थरथरत होता, तीनदा श्वास धरून केला.

नवीन जातीला नाव देण्याच्या नियमांची यादी परत तपासली, कारण यात एक राहिलं तरी नाव धरलं जात नाही. जीवाश्माचं वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं (१९९६ पासून). चित्र हवं, हा नियम १९१२ पासूनचा. आणि २००१ पासून, छापलेल्या चित्रांपैकी निदान एक होलोटाइपचं आहे असं स्पष्ट लिहायला हवं. होलोटाइप कुठल्या संस्थेत ठेवलाय तेही लिहायचं. माझ्या टेबलाच्या खणात, हे उत्तर चालत नाही, लखनौच्या बीरबल साहनी इन्स्टिट्यूटच्या संग्रहाला लिहिलंय.

नाव ठरलंय. इथे लिहिणार नाही. वर्णनाशिवाय नाव आधीच कुठे पसरलं की ते नुसतं उघडं नाव म्हणून फिरत राहतं आणि नंतरच्या लोकांना निस्तरावं लागतं. एवढं सांगते की सरांना गावाच्या नावावरून हवं होतं, मला सावित्रीच्या गोष्टीतलं राहिलेलं कोणीतरी, आणि शेवटी तिसरंच झालं. आभारांत पहिली ओळ अप्पांची आहे, मोजणी दुरुस्त केल्याबद्दल. सर म्हणाले जर्नलवाले विचारतील हे कोणत्या संस्थेचे. मी लिहिलं, सेवानिवृत्त विणकर, सोलापूर.

२४ जुलै

पाठवलं. रात्री ११:४०. पीडीएफ अपलोड होता होता लाइट गेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पूर्ण केलं.

स्लाइड कुरिअरनं पाठवायची नाही, मागे एकाच्या तीन फुटल्या. मी स्वतः लखनौला घेऊन जाणार. एआर-१७ चा मुठीएवढा तुकडा अजून शिल्लक आहे. आईनं विचारलं, लिंबाच्या लोणच्याला चालेल का.